चार नंबरचा आरसा

३ मार्च
शुद्धलेखन चुकेल, माफी. टायपिंग एका बोटाने — गोगलगाय बरी! नववीत शाळा सुटली. तोंडी परीक्षेत तोंडच उघडेना!
मामाकडे राहते. तो प्रयोगशाळेत वेल्डर. त्याच्या ओळखीने मला काम लागलं — लेसरचे आरसे पुसायचे. नऊ आहेत.

५ मार्च
प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी आज स्वतः समजावलं. टाकीत वायू इतका तापवतात की त्याचा प्लाझ्मा होतो. आत नुसती खळबळ! काहीही घातलं तरी वितळेल. म्हणून लेसर सोडायचा. त्याचा उजेड खळबळीवर आपटून थोडा बाजूला फुटतो, त्यावरून खळबळ मोजायची. "उकळत्या पातेल्यात हात न घालता," म्हणाल्या.
मी मान हलवली. एवढंच!

७ मार्च
आलेखावर मोठा उंचवटा आलाय. नवीन प्रकारची खळबळ, म्हणे! भोंगा नाचलाच. (बाईंचा विद्यार्थी. कुजबुजला तरी गेटपर्यंत ऐकू जातं.) शुक्रवारी बाई पाहुण्यांपुढे मांडणार.

९ मार्च
चार नंबरचा आरसा थरथरतो. दिसत नाही, चौकट धरली की बोटाला कळतं. टाकी थंड ठेवणारा पाण्याचा पंप चालू असला की. आणि पंप लावतात प्लाझ्मा करतानाच.
मग तो उंचवटा आरशाचाच असला तर?

१० मार्च
सांगायला गेले. "पुसून झालं" म्हणून परत आले. गाढव!
मामा म्हणतो, "मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस. नोकरी जाईल."
जाऊ दे. चुकीचं मांडलं तर बाईंचं हसं होईल. उद्या सांगणारच.

११ मार्च
सांगितलं! म्हणजे — बाईंचा हात धरून चौकटीवर ठेवला. शब्द मागून आले. "पंप लावा. प्लाझ्मा नको."
भोंगा — "आता आरसेवाली शिकवणार आम्हाला!"
बाई — "लाव रे पंप."
टाकी रिकामी. उंचवटा तस्साच!
बाई खाली बसल्या. "चार महिने गेले," एवढंच बोलल्या.
रडू आलं. पण गप्प बसले नाही, हे बरं झालं.

१३ मार्च
मामाने आरशाला जाड पाय जोडून दिला. उंचवटा गायब. खाली बारीकशी खळबळ उरली — ती खरी!
पाहुण्यांना बाईंनी आधी चूक सांगितली, मग ती कोणी पकडली ते. माझ्याकडे बोट! यापुढे आधी रिकाम्या टाकीवर मोजायचं. ते काम माझं.

१५ मार्च
मामाला दुसऱ्या शहरात काम लागलं. सोमवारी निघायचं, दोघांनी.
"तू जा," मी म्हटलं. मोठ्याने. मामाच्या हातातला चमचाच पडला.