चौदा मिनिटं

३ मार्च, पहाटे ५.२०
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या साहेबांनी टूलपुशरच्या जागेसाठी माझं नाव वर पाठवलंय. टूलपुशर म्हणजे गॅसची विहीर खोदणाऱ्या अख्ख्या रिगचा कारभारी. कारभारी माणसाला शिस्त हवी. संकल्प : चिडायचं नाही. चहा दोनच कप.

३ मार्च, संध्याकाळी ६.४०
चहा पाच झाले. लॉगरबाईमुळे. ही शेजारच्या केबिनमध्ये बसून टाकीतल्या मडची, म्हणजे विहिरीत फिरवतो त्या पातळ चिखलाची, पातळी बघत असते आणि पातळी बोटभर हलली की मला फोन करते. आज चार फोन. चारही वेळा टाकीत पाणी सोडलं होतं, बाकी काही नाही. सव्वीस वर्षं ड्रिलरच्या खुर्चीत आहे. विहीर बिघडली तर मला पायाला कळतं, फोन लागत नाही.

५ मार्च
सुरक्षेचं ड्रिल झालं. भोंगा वाजल्यापासून विहीर बंद होईपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद. आजवर कोणाच्या शिफ्टला जमलेलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली. अकराला भोंगा वाजणार, चहा आधीच उरकून घ्या, हे सकाळीच सगळ्यांच्या कानावर घातलं होतं. यात लबाडी कसली? माणसं दचकून घसरली तर जबाबदार कोण?
घरी हिला फोन केला. हिने माझ्या बहिणीला सांगितलं, म्हणजे आता सगळ्या नात्यात मी टूलपुशर झालो. जागा अजून मिळालेली नाही, एवढं सांगायचं राहून गेलं.

७ मार्च
ऑफिसातून पाहुणे आले होते. मी समजावलं, खाली गॅस, वर मडचा भार. भार कमी पडला की गॅस वर सरकतो आणि टाकीतलं मड आपोआप वाढायला लागतं. ड्रिलरने लगेच पंप थांबवायचा, विहीर वाहते का बघायची आणि वाहत असली तर बटण दाबून तिचं तोंड बंद करायचं. कोणाची परवानगी लागत नाही, खुद्द मोठ्या साहेबांचीही नाही. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी बोलतो चांगलं.
संकल्प : दहा तारखेच्या आत उरलेले एकशे ऐंशी मीटर. मध्ये थांबणे नाही.

९ मार्च, संध्याकाळी ७
जमेल तसं लिहितो.
दुपारी २.३४ ला लॉगरबाईचा फोन. मड वाढतंय. मी म्हटलं पाणी सोडलं असेल. २.३८ ला परत. पाणी कोणी सोडलेलं नाही, तिने टाकीवर विचारून घेतलं होतं. मी म्हटलं, बघतो. खरं तर पंप थांबवून बघायला पाच मिनिटं लागतात. पण वेग इतका छान लागला होता. २.४३ ला तिसरा फोन. या वेळी आवाज शांत होता. म्हणाली, "सर, पंप थांबवा. विहीर वाहतेय."
थांबवला. पंप बंद, तरी मड येतच होतं.
भोंगा दाबला. जागचं कोणी हललं नाही. एकाने तर हात हलवून खुणावलं, ड्रिल उद्या आहे. उद्याच होतं, मीच सांगितलं होतं. मी बटणावर बोट ठेवून उभा. साहेबांना एकदा विचारावं असं वाटलं. फोन शोधत होतो. एवढ्यात आमचे फ्लोअरवरचे जुने मामा वर आले आणि म्हणाले, "कोणाची वाट बघताय, साहेब?"
मग दाबलं. २.४८.
कोणाला इजा नाही.

१० मार्च
जड मड सोडून गॅस बाहेर काढणं चालू आहे. साहेबांनी लेखी अहवाल मागितला. चौदा मिनिटं कशी गेली? मी लिहिलं : 'लॉगरकडून सूचना उशिरा मिळाली.' तिसरी सूचना उशिराच होती की. फोनचं रेकॉर्डिंग नसतं. माझ्या केबिनमध्ये मी एकटाच होतो.

११ मार्च
लॉगरबाईला परत पाठवलं. कंत्राटी होती, तिला नोटीसही लागत नाही. बॅग घेऊन माझ्या केबिनच्या दारात आली. मला वाटलं भांडेल. म्हणाली, "सर, तुम्ही 'बघतो' म्हणाला होतात. की मला चुकीचं ऐकू आलं?"
मी म्हटलं, पंपाचा आवाज फार होता.
तिने मान हलवली आणि गेली. पंप चालू होता खरा, पण बंद केबिनमध्ये त्याचा आवाज फोनपर्यंत पोचत नाही. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. संकल्प : उद्या साहेबांना सगळं सांगायचं.

१२ मार्च
साहेब मीटिंगमध्ये.

१३ मार्च
साहेब मोकळे होते. पण खुशीत दिसले. माणसाची खुशी का घालवा?

१६ मार्च
सुट्टीवर घरी. हिने विचारलं, ती सारखी फोन करणारी मुलगी काय म्हणते? तुमच्या तक्रारी ऐकून मला वाटायचं, बरंय बाई, कोणीतरी लक्ष ठेवून आहे. मी म्हटलं, गेली. हिने विचारलं, का? मी टीव्ही लावला.

२० मार्च
साहेबांना पत्र लिहिलं. दीड पान. चांगलं उतरलंय. दोन दिवस ठेवून, पुन्हा वाचून मग पाठवावं. घाईत माणूस वाटेल ते लिहितो.

२७ मार्च
वरून आदेश आला. टूलपुशर नाही. ट्रेनिंग सेंटरवर शिक्षक. साहेब म्हणाले, सूचना इतकी उशिरा मिळूनही तुम्ही विहीर सांभाळलीत, हे नव्या लोकांना कळायला हवं. हिने नात्यात सांगितलं की मी प्रोफेसर झालो. पत्र फाडलं. आता शिकवण्यातूनच भरपाई करता येईल, ती जास्त टिकाऊ.

६ एप्रिल
पहिला वर्ग. बारा नवे लॉगर. धडा माझ्याच विहिरीचा, तक्ते छापून दिलेले. मी सांगितलं, मड वाढलं की लॉगरने ताबडतोब कळवायचं, नाहीतर चौदा मिनिटं अशी जातात. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.
"सर, आम्ही कळवलं आणि ड्रिलरने ऐकलंच नाही तर?"
सगळे माझ्याकडे बघत होते. सांगायला इतकी सोपी वेळ पुन्हा आली नसती. शब्द ओठांवर आले होते.
मी म्हटलं, "असा ड्रिलर नसतो."
तिने ते वहीत लिहून घेतलं. बाकीच्यांनीही घेतलं.