मंगळवारची एफुआ

३ मार्च, सोमवार

पान एकोणीस. चूक तिथं आहे, आणि छापलेल्या प्रत्येक प्रतीत आहे.

शनिवारी केप कोस्टच्या वाचनालयात माझ्या पुस्तकातलं एफुआच्या जन्माचं प्रकरण वाचून दाखवलं. बरं चाललं होतं. मग मागून एक मासळीवाली आजी उठली — "पोरी, नावा सगळ्या वाळूवर, पुरुष जाळी शिवत बसलेत, असं वाचलंस ना? म्हणजे मंगळवार. समुद्राच्या सुट्टीचा."

मी मान हलवली.

"मग मुलगी एफुआ कशी? एफुआ शुक्रवारची. मंगळवारची ती अराबा. का बाळ शुक्रवारपर्यंत दारातच अडकलं होतं?"

सगळे हसले. मीही हसले.

आमच्याकडे मुलीचं नाव जन्मवारावरून पडतं. नाव मी मुद्दाम बदललं होतं. वार बदलायचा राहिला! आमच्या अनोमाबूत मंगळवारी जन्मलेली, शिक्षिका व्हायला कॉलेजात गेलेली आणि एका नावाड्यापायी बापानं मधूनच परत आणलेली मुलगी एकच आहे — अराबा. माझी मोठी आई, आईची थोरली बहीण. जिनं मला अंगणात कोळशानं पहिली अक्षरं गिरवायला लावली.

तिला अजून प्रत दिलेली नाही. धीर होत नाही.

४ मार्च, मंगळवार

आईला सांगितलं. ती शिवत होती. यंत्र थांबलं.

"तुला म्हटलं होतं, घरातलं घरात राहू दे."

"नाव बदललंय ना, आई."

"टोपी बदलली म्हणून डोकं बदलतं का? वार बदल. शुक्रवार कर. ढकल त्या नावा समुद्रात. आणि तिच्याकडे जाऊ नकोस. लाजेनं मरेल ती."

आई इतकी चिडलेली मी क्वचित पाहिली आहे. बहिणीवर जीव आहे तिचा. मीच एक शहाणी, सगळ्यांचं मीठ खाऊन सगळ्यांना बाजारात मांडून बसले.

५ मार्च, बुधवार

अक्राहून प्रकाशकांचा फोन. साहेब मजेत होते. दुसरी आवृत्ती सोमवारी छपाईला जाणार. "वार बदला नाहीतर नाव बदला, बाई. पण दोन्ही नका बदलू, नाहीतर पुन्हा हुकेल."

त्यांना गंमत वाटते. मला जेवण जात नाही.

बाजारात कुणीच काही बोललं नाही. तेच जास्त वाईट.

६ मार्च, गुरुवार

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. बाहेर शाळांचं संचलन, ढोल. मी दार लावून पान एकोणीस पुन्हा लिहिलं. नावा समुद्रात पाठवल्या. पण मग बापही गेला, कारण तो नावेवर असणार. मग बाळाला पहिल्यांदा उचलतं कोण? सुईणीला उचलायला लावलं. वाचून पाहिलं. व्याकरण नीट आहे. प्रसंग मेला.

तरी हेच पाठवायचं. चांगल्या परिच्छेदासाठी माणसाला दुखवायचं नाही, एवढं तरी मला कळायला हवं.

७ मार्च, शुक्रवार

मोठ्या आईचा निरोप आला — ये. एवढाच.

ती भट्टीजवळ मासे धुरावत होती. शेजारच्या स्टुलावर पुस्तक. मी दिलेलं नव्हे, कुणीतरी आणून दिलेलं. मुखपृष्ठावर माशाचं खवलं चिकटलेलं.

"आधी ही मक्याची केंकी खा. तोंड बघ कसं झालंय."

मी खाल्ली.

"दोनदा वाचलं," ती म्हणाली. "स्वल्पविराम फार टाकतेस. मी असं शिकवलं नव्हतं."

मी रडायलाच लागले. म्हटलं, मोठ्या आई, चूक झाली, सोमवारच्या आत शुक्रवार करते, कुणाला कळणार नाही.

"शुक्रवार कशाला? समुद्राला सुट्टी होती म्हणून माझा बाप घरी होता. त्यानं मला उचललं. पुढं त्यानंच कॉलेजातून ओढून आणलं, ते वेगळं. पण उचललं त्यानं. तो दिवसही काढून घेतलास तर मला काय ठेवलंस?"

"पण लोक ओळखतील."

"मग आत्तापर्यंत काय मला पोपच्या मुलीसारखं वागवत होते? ओळखतातच. तोंडावर म्हणत नाहीत एवढंच. वार बरोबर आहे. नाव चुकलंय. माझं घाल."

उठले तेव्हा तिनं मासा उलटला आणि म्हणाली, "आणखी एक. ती नावाड्याला भेटते हे बापाला सांगणारी शेजारीण पुस्तकात कुठून आणलीस? आम्हाला शेजार होता का? एकीकडे समुद्र, दुसरीकडे चर्चची भिंत."

"मग कुणी सांगितलं?"

"सरक. धूर डोळ्यात जातोय तुझ्या."

पुढं ती बाजारभावाचंच बोलत राहिली.

८ मार्च, शनिवार

आईला एवढंच सांगितलं — वार राहणार, नाव अराबा होणार, मोठ्या आईनंच सांगितलं.

ती सुईत दोरा ओवू लागली. जाईना. मग मान वर न करता म्हणाली, "आणि बहिणीला कुठल्या वाराची करणार आहेस?"

पुस्तकात एफुआला बहीण नाही. आहे ती शेजारीण.