सुजलेल्या गुडघ्याची बदनामी

खामगाव,
९ नोव्हेंबर १९३४

प्रिय,

तुमचं नाव लिहायला अजून हात धजत नाही. या घरात मात्र ते आठ महिने चघळलं गेलं.

माझ्या भावाचा, उत्तमचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलाय. डोळे लालभडक, लघवीला आग. जळंबच्या पंगतीत जेवून आला, रक्ताची हगवण लागली, ती थांबल्यावर पंधरवड्यात हे सुरू झालं. थेट तुमच्यासारखं. तुम्हीही रोहिणखेडच्या लग्नातून तसेच आला होता. पण तेव्हा बाबांनी वैद्याला हाताशी धरून बाहेरख्यालीपणाचा रोग ठरवला, मलकापूरभर बोभाटा केला आणि मला उचलून इथं माहेरी आणलं. त्या पंगतीतल्या बाकीच्यांचे गुडघे काऊन नाही सुजले, हा त्यांचा मोठा पुरावा.

पोराच्या वेळी वैद्य नको झाला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी आधी पोटाचंच विचारलं. म्हणाले, हगवणीनंतर काही जणांचे सांधे असे धरतात, विशी-तिशीतल्या पुरुषांचे जास्त. दहा जण एका पंगतीत आजारी पडले तरी एखाद्याच्याच सांध्यांत ते उतरतं. बाहेरच्या रोगानंही असं होतं, पण नुसता गुडघा पाहून कुणाला तो डाग लावता येत नाही. बाबा गंभीर चेहऱ्यानं माना डोलवत होते, जणू हे त्यांनीच शोधून काढलं.

डॉक्टर गेल्यावर मी विचारलं, मग त्यांचं पोट पोट नव्हतं का? बाबा पानाला चुना लावत म्हणाले, "जावयाची गोष्ट अलग. हा आपला पोरगा हाये."

गावात न्यायनिवाडे करणारा माणूस हा! मला त्यांचा रागही आला नाही. किळस आली.

तुमचीही कीव येते. अंगणात तुमची अब्रू काढली जात होती आणि तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. नंतर दोन ओळीही लिहिल्या नाहीत.

डॉक्टरांनी तुम्हाला निर्दोष ठरवलं म्हणून हे पत्र नाही. रोहिणखेडहून आल्यावर तुमची रक्तानं भरलेली धोतरं मीच धुतली होती. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मी सांगतही होते. बाईचं कुणी ऐकलं नाही. आता मी कुणाला विचारणार नाही. बुधवारी सकाळच्या गाडीनं एकटी निघतेय. मलकापूरच्या स्टेशनावर या. काठी टेकत आलात तरी चालेल, मान मात्र खाली नको.

तुमचीच,
सरस्वती