एक वर, दोन खाली

६ डिसेंबर १९३६, रविवार
सकाळी भटजी आले. ओटीवर बसले, पण पंचांग उघडलं नाही. म्हणजे सगळं घरून बघून आले होते. म्हणाले, "येत्या मार्गशीर्षात बारा वर्षं पुरी होतात. आता पालाशविधी करून टाका. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दहावं-तेरावं रीतीप्रमाणे. किती दिवस त्याला अधांतरी ठेवणार?"

आई म्हणाली, "पुतळा कोणाचा जाळता? माझा मुलगा गडावर आहे." उठून आत गेली.

वहिनी दाराआड उभी होती. मला हळूच म्हणाली, "भावोजी, त्यांना चहा विचारा."

७ डिसेंबर
झोप लागली नाही. जे आहे ते एकदा कागदावर मांडतो. कोर्टात दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या नकला करतो, स्वतःचं कधी लिहिलं नाही.

दादा खेडच्या बाजूला गडाखालच्या वाडीत शाळामास्तर होता. वहिनी इथे रत्नागिरीत आईपाशी. १९२४ च्या मार्गशीर्षात तो गड बघायला म्हणून वर गेला, तो उतरला नाही. आठ दिवस माणसं हिंडली. वरच्या एका भुयाराच्या तोंडाशी त्याची छत्री सापडली. तेव्हापासून आई म्हणते, तो भुयारातून आत गेला, तिथे तपाला बसलाय, बारा वर्षांनी येईल. तेव्हा शोधायला काका गेले होते. मी एकोणीस वर्षांचा. आईनं मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. "एक गेला, दुसरा देणार नाही."

विधी झाला तर दादा सुटेल असं भटजी म्हणतात. पण त्याच दिवशी वहिनीचं कुंकू जाईल. तेहतीस वर्षांची आहे. आणि मग आई तिच्या केशवपनाचंही काढील.

आणखी एक. थोरला आल्याशिवाय धाकट्याचं लग्न नाही, हे आईचं ठरलेलं. म्हणजे विधी झाला तर माझं मोकळं होतं. आळीतले लोक हे जाणून आहेत. मी विधीचं नाव काढलं तर कशासाठी काढलं, हे मलाच छातीठोक सांगता यायचं नाही.

१३ डिसेंबर, रविवार
मागल्या दारी वहिनी कोकमं निवडत होती. म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं करू."
"मी काय सांगू? मला माहीत तरी काय आहे? तुम्ही बघितलाय तो गड?"
"नाही."
"मग बारा वर्षं आपण सगळे न बघितलेल्या गडावर बोलतोय." हात पुसून म्हणाली, "नाताळची सुट्टी आहे ना कोर्टाला? जा एकदा. ते भुयार बघून या. आत किती जातं, एवढं मला सांगा. मग मी माझं सांगीन."

आईला काय सांगायचं विचारलं. म्हणाली, "चिपळुणात कोर्टाचं काम आहे म्हणा. पाप मला लागू दे."

वयानं माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. पण माझ्या मॅट्रिकच्या वर्षी, दादा नाहीसा झालेला असताना, पहाटे मला अभ्यासाला उठवायची तीच. त्याबद्दल मी तिला आजवर आभाराचा एक शब्द बोललेलो नाही.

२५ डिसेंबर, शुक्रवार. चिपळूण
सर्व्हिस मोटारनं आलो. वाटेत दोनदा बंद पडली. ड्रायव्हर एक मुसलमान गृहस्थ, जयगडकडचे. दोन्ही वेळा आम्हाला सावलीत बसवून स्वतः उन्हात गाडीखाली शिरले. वहिनीनं दिलेले दडपे पोहे त्यांना देऊ केले, त्यांनी मोकळेपणी घेतले. प्रकृती ठीक.

२६ डिसेंबर. गडाखालची वाडी
खेडहून पुढे पायी. पोचेतो दिवस मावळला. गड वाडीतल्या घरांवर वाकून बघत असल्यासारखा दिसतो.

गड दाखवायचं काम इथे गुरवाकडे. धोंडू गुरव. साठीचा, काटकुळा, बोलका. वर वाघजाईचं देऊळ आहे, त्याची पूजा पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराकडे. परका माणूस त्याच्याशिवाय वर जात नाही. मी कोण ते सांगितलं नाही. रत्नागिरीचा कारकून, गड बघायची हौस, एवढंच. त्याच्या सुनेनं तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वाढलं. पोटभर जेवलो. शाळा दाखवाल का विचारणार होतो, धीर झाला नाही.

२७ डिसेंबर, रविवार
हे सगळं आजच लिहायला हवं. कंदिलाची वात मोठी करून दिली आहे सुनेनं.

सकाळी चढायला लागलो. दोन तास जांभ्याच्या पायऱ्या, मग काळा कातळ. धोंडूचं तोंड चालूच.
"राजाचा वाडा कुठे होता?" मी विचारलं.
"राजा हितं कदी आलाच नाय. आला असता तर या पायऱ्या बऱ्या नसत्या केल्या?"

दरवाजा अजून उभा आहे. दोन बुरुजांच्या बेचक्यात लपलेला, जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तिथे धोंडूनं मला थांबवलं. मुंडासं सारखं केलं, हात जोडले आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं. आपल्याकडे देवळात घालतात तसंच, पण इथे दारात. वर जाणाऱ्याचं गाऱ्हाणं चढताना घालायचं आणि उतरल्यावर पुन्हा घालायचं, ही इथली रीत.

"आई वाघजाई, रत्नांग्रीचा पावना तुज्या दारात आलाय. कारकून मानूस हाय, दमलाय, त्येला संबाळ. आज एक वर चाललाय, एक खाली येऊं दे. आनि आमचा मास्तर तुज्यापाशीच ऱ्हायलाय. त्येला बी संबाळ. त्येला उपाशी ठेवू नको."
मग माझ्याकडे वळून, "म्हना, व्हय म्हाराजा."

मला म्हणता येईना. तो थांबून राहिला. शेवटी म्हटलं.

पुढे गेल्यावर विचारलं, "मास्तर कोण?"
"व्हते एक. आमच्या शाळंतलं. मीच आनलं व्हतं वर. त्यास्नी गडाचा नकाशा काडायचा व्हता. मला म्हनाले, धोंडू, तू हो म्होरं, मी येतो. माज्या अंगात ताप व्हता, मी उतरलो. दुपारनं धुकं आलं." वाटेतली काटकी बाजूला सारली. "चडताना नाव मी सांगितलेलं. उतरल्याचं सांगायचं ऱ्हायलंय. म्हनून दर खेपंला काढतो. देवीला इसर नको पडायला."

बारा वर्षं. जो कोणी गड बघायला आला असेल, त्या प्रत्येकाकडून त्यानं दादासाठी होकार घेतला. आम्ही घरात नाव काढायला भीत होतो आणि इथे अनोळखी माणसं... मी पुढे चालू लागलो. माझं तोंड त्याला दिसू नये म्हणून.

त्यानं सगळं दाखवलं. गवतात पडलेली तोफ. ("कुनावर डागली?" "कुनावर नाय. वर चडवतानाच समदे दमले.") धान्याचं कोठार, छप्पर नाही. कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. पाणी इतकं थंड की दात शिवशिवले. देवळात वीरगळ ओळीनं लावून ठेवलेत. कोणाचे, कोणालाच माहीत नाही, पण सगळ्यांना शेंदूर लावलेला. म्हटलं, हे का? म्हणाला, "नाव नाय म्हनून उगडं ठेवायचं का?"

मग भुयार. करवंदीच्या जाळीमागे, वाकून जावं लागतं. धोंडूनं पलिता पेटवला. मी पावलं मोजली. आठ. पुढे सरळ कातळ. हात लावून बघितला, चहूकडे ठोकून बघितला. कुठे फट नाही. वटवाघळं आणि लेंड्यांचा वास. पूर्वी कोणी टाकं खोदायला घेतलं असेल आणि सोडून दिलं असेल.
"लोक म्हणतात पार समुद्रापर्यंत जातं."
"लोक हितवर येत नाईत. तोंडाशीनच माघारी जातात."
भुयाराला लागूनच कडा. खाली बघितलं. धुक्यात इथून दोन पावलं चुकली तर... काकांनी हे घरी का सांगितलं नाही? सांगितलंही असेल. आईनं ऐकलं नसेल.

तिथे बसलो थोडा वेळ. धोंडू लांब जाऊन विडी ओढत राहिला. त्यानं काही विचारलं नाही, याबद्दल त्याचे उपकार.

उतरून दरवाजापाशी आलो. त्यानं हात जोडले आणि मला विचारलं, "किती जन उतरलं, सांगा देवीला."
मी म्हटलं, "दोन."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला धरायचा नसतो. मी देवीचा." आणि लगेच, "तुमी मास्तरांचे कोन?"
"धाकटा भाऊ."
तो पायरीवर खाली बसला. मुंडासं काढून तोंड पुसलं. मी घाईनं म्हटलं, "गुरवबुवा, माझी चूक झाली. मी तुम्हाला मोजलं. मला रीत माहीत नव्हती."
"चुकून बोललात त्येच बरं. इचार करून कोन बोललं असतं? भावानं सांगितलं, दोन उतरलं. देवीनं आयकलं. बारा वर्सं मी हितनं उतरायचो तो एक मागं टाकून उतरायचो." मग उठून त्यानं गाऱ्हाणं पुरं केलं. "आई, मास्तर उतरला गे. तू संबाळलास. तुजे उपकार."

व्हय म्हाराजा. या वेळी आवाज फुटला.

वाटेत माझा हात धरून उतरवलं त्यानं. वास्तविक गरज नव्हती.

२८ डिसेंबर, सोमवार
निघताना धोंडू काही घेईना. सुनेनं वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. धोंडू म्हणाला, "मास्तरांच्या घरात सांगा, आमी इसरलो नव्हतो." शाळेपर्यंत आला. शाळा बघितली. मुलं पाढे म्हणत होती. कुडाची भिंत, शेणानं सारवलेली जमीन. इथे दादा बसत असणार. आत गेलो नाही.

दिवसभर एकच विचार. आता पुढल्या गाऱ्हाण्यात धोंडू दादाचं नाव घेणार नाही. मी एका शब्दात ते बंद केलं. वहिनीला न विचारता.

३० डिसेंबर, बुधवार. घरी
आई दुपारी लवंडल्यावर वहिनीला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, कड्याचंही.
"भुयार किती?"
"आठ पावलं."
मान हलवली. मग म्हणाली, "गाऱ्हाणं काय घालायचा तो, शब्द सांगा." सांगितले. "उपाशी ठेवू नको" याला ती हसली. "बरोबर ओळखलंन. पुस्तक हातात असलं की यांना जेवणाची शुद्ध नसायची." मग पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मी तिला बारा वर्षांत रडताना बघितलं नव्हतं.

दोन मोजल्याचं सांगितलं तेव्हा मात्र रागावली. "माझ्या वतीनं मोजायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, भावोजी?"
कोणी सांगितलं नव्हतं. तसं म्हटलं.

३१ डिसेंबर
सकाळी चहा देताना वहिनी म्हणाली, "काल बोलले ते मनात ठेवू नका. कोणीतरी एवढी वर्षं त्यांचं नाव घेत होतं, हे तुम्ही गेलात म्हणून मला कळलं. त्या गुरवाला एक पत्र लिहा माझ्याकडून. वाचून दाखवायला शाळामास्तर आहेत म्हणावं." लिहिलं. चार ओळी तिनं सांगितल्या, मी नक्कल केली.

आईला मी सांगणार होतो. वहिनी म्हणाली, "नको, मी सांगते."

१ जानेवारी १९३७, शुक्रवार
वहिनीनं आईला सांगितलं. भुयाराचं, कड्याचं, गाऱ्हाण्याचं. आईनं चिपळूणच्या थापेबद्दल मला बोलून घेतलं. बाकीचं तिनं ऐकलं न ऐकलं. एवढंच धरलं. "उतरला म्हणतोस ना?"
"आई, ते गाऱ्हाण्यातलं..."
"उतरला ना? मग आता घरी येईल. अगो, भात जास्त टाक."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि पातेल्यात एक मूठ तांदूळ वाढवले. हे माझ्यामुळे झालं.

४ जानेवारी, सोमवार
भटजींचा निरोप, पळसाची पानं सांगून ठेवू का? संध्याकाळी स्वतःच आले. आई म्हणाली, "कशाला पानं? तो वाटेवर आहे." भटजी माझ्याकडे बघून म्हणाले, "बापू, तुमचंही वय निघून चाललंय."

मी आजवर ओटीवर मोठ्यांपुढे बोललेलो नाही. आज बोललो. "विधी व्हायचा की नाही ते वहिनी सांगतील. माझ्या लग्नाचा यात संबंध आणू नका. आणि झालाच, तर न्हावी या दारात येणार नाही. तसं कोणी केलं तर मी त्या दिवशी हे घर सोडीन."
भटजी, "अहो, धर्म म्हणून काही..."
आई, "बापू!"
मी तेच पुन्हा म्हटलं. भटजी उपरणं झटकून गेले.

जेवताना वहिनीनं मला न मागता दुसऱ्यांदा आमटी वाढली. "नवरदेव, जेवा. आज बरंच बोललात, घसा कोरडा पडला असेल." या घरात थट्टा ऐकून किती दिवस झाले.

९ जानेवारी, शनिवार
आई रोज तिन्हीसांजेला पुढल्या दारात बसते. जास्तीचा भात सकाळी फोडणीचा होतो, तो मी खातो.

आज मी कचेरीतून आलो तेव्हा आई आणि वहिनी दोघी ओटीवर होत्या. आई बोटांवर काहीतरी मोजत होती. मला बघून थांबली नाही.

"अगो," ती वहिनीला म्हणाली, "खेडहून चालत निघाला तरी पाच दिवस. पाय दुखत असेल तर आठ धर. वाटेत कोणी ठेवून घेतलं तर आणखी दोन. आज तेरा झाले." बोटं तशीच धरून राहिली. "यायचा असता तर एव्हाना आला असता. नाही?"

मी खाली बघत होतो. वहिनीनं आईची बोटं आपल्या हातात घेतली आणि मिटली.

"अजून दोन दिवस बघू, आई," म्हणाली.