शाश्वततेचा तात्पुरता प्राध्यापक

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन पार पडलं आणि आता तूच डॉक्टरांना चालायचं कसं ते शिकवते आहेस, असं भाचीकडून कळलं. भावोजींचा खोकला थांबला का? मी बरा आहे. (रक्तदाब तेवढा चढतो. या घरात बढती फक्त त्यालाच मिळते.)

आमच्या व्यवस्थापन संस्थेत व्यूहरचना आणि शाश्वतता शिकवायला कनिष्ठ प्राध्यापक नेमायचा होता. शाश्वतता म्हणजे, आपला धंदा करताना पुढच्या माणसांसाठी हवा-पाणी शिल्लक ठेवणं. जागा मात्र अकरा महिन्यांची. पहिल्या उमेदवाराने विचारलं, "एवढ्यात शाश्वतता आटपायची का?" संचालकांनी त्याचं नाव तिथंच खोडलं. दुसरे गृहस्थ पाऊण तास बोलले. मध्येच वीज गेली, तरी थांबले नाहीत. अंधारात आमच्या निवड समितीतल्या एका सदस्यांची छान झोप झाली, आणि कृतज्ञतेपोटी त्यांनी दहापैकी नऊ गुण दिले.

तिसरी आली ती माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने नमुन्याचा धडा घेतला तो कापड रंगवणाऱ्या एका कारखान्यावर. नाव घेतलं नाही. पण खालच्या वस्तीतल्या विहिरींचं पाणी तिने तीन वर्षं तपासलं होतं, आणि कुठल्या घरात कोण आजारी, हे तिला तोंडपाठ होतं. कारखान्याचे मालक संचालकांच्या शेजारीच बसले होते. (या जागेचा पगार तेच देणार.) ते चिडले नाहीत गं. त्यांनी चहा मागवला. ती पुढे म्हणाली, "हे पाणी स्वच्छ असल्याचा दाखला एका प्राध्यापकांनी दिला आहे. नमुना मात्र पाणी कारखान्यात शिरण्याआधीचा आहे."

तो दाखला माझा.

संचालकांनी विचारलं, "विभागप्रमुखांचं काय मत?" मी चष्मा पुसला. म्हणालो, "अभ्यास उत्तम. अनुभव कमी पडतो."

लिफ्ट बंद होती, म्हणून तिला सोडायला चार मजले उतरलो. शेवटच्या पायरीवर तिने विचारलं, "सर, नमुना घ्यायला तुम्ही स्वतः गेला होतात का हो?"

"गेलो होतो. गाडी तिथवरच जात होती."

"हो," ती म्हणाली, "पुढे वीस मिनिटं चालावं लागतं."

तिच्या आवाजात राग असता, तर बरं झालं असतं. नेमणूक अंधारातल्या गृहस्थांची झाली. पेढे मीच वाटले.

भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. तुमच्या कॉलेजात तिचा अर्ज आला आहे, आणि निवड समितीवर भावोजी आहेत. तिला घ्यायला सांग. एवढ्यासाठीच हे पत्र.

ता. क. आणखी एक. रिवाजाप्रमाणे जुन्या गुरूचा अभिप्राय मागवतात. तो माझ्याकडे मागू नका. त्याची प्रत आमच्या संचालकांकडे जाते, आणि मी पुन्हा तेच लिहीन. मी स्वतःला ओळखून आहे. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.