वाफ्यांत पाय टाकला नाही

३ ऑक्टोबर
ही गेली. धाकट्या बहिणीकडे. परवा परसात दोन वाफ्यांमधल्या गवतावरून घसरली, गुडघा सुजला. दोष अर्थात माझा. म्हणाली, वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, वाफ्यांमधल्या वाटा साफ करा, तण काढा, तुम्ही ढिम्म. आता काठी टेकत चालता येईल अशा वाटा झाल्या की कळवा, मग येते. जाताना एक तंबी: माझ्या वाफ्यांत पाय टाकायचा नाही, माती दबते.

हिला मातीची केवढी काळजी! मी ऑफिसात अख्खं सेक्शन सांभाळून रिटायर झालो, मला चार वाफ्यांमधल्या तीन वाटा जमणार नाहीत?

घर एकदम शांत. फार बरं वाटतंय. फक्त चार दिवसांच्या कामासाठी हिने मोठी बॅग का नेली, हे कळलं नाही.

४ ऑक्टोबर, सकाळ
पाचला उठायचं ठरलं होतं. उठलो साडेआठला. दूधवाल्याने बेलच हळू वाजवली.

साडूचा फोन. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वयाने, मानाने, सगळ्याने लहान. मला भाऊ म्हणतो आणि त्याच तोंडाने अक्कल शिकवतो. म्हणे, भाऊ, आधी तण मुळासकट खणून काढा, मग जाड पुठ्ठे एकावर एक चढवून अंथरा, भिजवा, वर चार बोटं लाकडाच्या ढलप्या टाका. बघा, काडी उगवणार नाही. आमच्याकडे तेच केलंय.

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

पुठ्ठे अंथरायला हे परस आहे की गोडाऊन? माझी पद्धत वेगळी असेल. कुठली, ते उद्या ठरवतो.

६ ऑक्टोबर
काम सुरू. तणात अर्धा लव्हाळा. उपटायला गेलं की वरचं पातं हातात, खालची गाठ मातीत. एकेक गाठ शोधत बसायला मी काय माळी आहे? सरळ फावडं चालवलं. गाठींचे तुकडे तुकडे केले. आता उगवून दाखव म्हणावं. तुकडे तिथेच ठेवले, कुजून खत होईल.

वाटेवर काम चाललेलं, मग उभं कुठे राहायचं? वाफ्याच्या कडेला राहिलो. कडेला म्हणजे किंचित आत. हिची दोन-चार पालकाची रोपं कामी आली. तशीही मरतुकडीच होती.

संध्याकाळी हिचा फोन. तब्येत, जेवण वगैरे काही नाही. पहिला प्रश्न, वाफ्यांत पाय नाही ना टाकलात? म्हटलं, छे! बायको आहे की पोलीस?

८ ऑक्टोबर
पद्धत सापडली. दूधवाल्याच्या गोठ्यात वाळक्या गवताचे भारे पडलेत. फुकट देतो म्हणाला. मऊ, घसरायची भीती नाही, दिसायलाही झकास. तिन्ही वाटांवर ढोपरभर पसरायचं. साडूच्या ढलप्या गेल्या खड्ड्यात.

दूधवाला म्हणाला, साहेब, यात बी फार आहे हो. मी म्हटलं, तू दूध घाल, बाकीचं मी बघतो. कोणी विचारलं होतं याला?

भारे हातगाडीवरून आणले. वाटा अरुंद, गाडी रुंद. चूक वाटा आखणारीची. गाडी वाफ्यांवरून न्यावी लागली. टोमॅटोची रोपं गेली. वांग्याची एक बाजू गेली. पण काम मस्त झालं. आता रोज सकाळी पाणी मारून पायाने दाबायचं, म्हणजे गवत घट्ट बसेल. पाणी मारायला वाफ्यात उभं राहावं लागतं. नाइलाज आहे.

१५ ऑक्टोबर
रोज पाणी. स्वतःचं कौतुक वाटतं. हिला फोनवर सांगितलं, वाटा बघून तोंडात बोट घालशील. म्हणाली, आधी गुडघा बघते. खडूस.

जेवण बाहेरूनच येतं. आज डब्यातली भाजी आंबलेली. डबेवालीला झापलं, तर म्हणाली, मग घरी करा की. हल्ली कोणाला बोलायची पद्धत राहिलेली नाही.

१९ ऑक्टोबर
वाटांवर हिरवा रंग दिसतोय. शेवाळ असेल. शोभा येते.

२३ ऑक्टोबर
शेवाळ नाही. गवत आहे. वाटभर, बोट बोट उंच, आणि मधून लव्हाळा. एका गाठीचे जितके तुकडे केले तितके लव्हाळे. हरामखोर. दूधवाल्याला गाठून जाब विचारला. म्हणाला, सांगितलं होतं ना साहेब, बी आहे, त्यात तुम्ही रोज पाणी घातलंत. म्हणजे चूक माझी! उद्यापासून दूध बंद.

(२४ ऑक्टोबर. दूध चालू. बिनदुधाचा चहा घशाखाली उतरत नाही.)

२८ ऑक्टोबर
फावडं चालवलं. पुन्हा वाफ्यात उभं राहून. गवत कापलं, ते जोमाने आलं. पुन्हा कापलं. पाठ गेली कामातून. शेजारचा म्हातारा कुंपणावरून बघत होता. विचारलं, काय पेरलंय? त्याला नजर नाही आणि अक्कलही नाही.

हिचा फोन. तोच प्रश्न. तेच उत्तर. मग म्हणाली, धाकटीने मला इथे दोन वाफे दिलेत हो. वाटा इतक्या छान आहेत की काठीसुद्धा लागत नाही. मेथी पेरावी म्हणते.

३० ऑक्टोबर
झोप नाही. तिथे मेथी पेरणार म्हणजे काय? पेरली की उगवेपर्यंत थांबणार. उगवली की खुडणार. मग दुसरं काही पेरणार. बायकांचं असंच असतं, एकदा पेरायला लागल्या की घराची आठवण राहत नाही.

मला काय? राहू दे की. स्वयंपाकघरात परवापासून एक पातेलं पालथं पडलंय, ते उचलायला कोणी नाही, एवढंच.

खरं म्हणजे घर खायला उठतं.

दुपारी फोन करून सांगून टाकलं, वाटा तयार आहेत, ये. म्हणाली, रविवारी येऊन बघते. पाय ठेवण्याजोग्या असतील तर राहते. नसतील तर परत जाऊन पेरते.

४ नोव्हेंबर, शनिवार
आयडिया. हॉलमधला गालिचा मधल्या वाटेवर अंथरला. एकच वाट झाली तरी बास, तिला काय तिन्हींवर नाचायचंय? वरून एकदम राजेशाही. चालून बघितलं. खाली गवत, वर गालिचा, पाय घसरला. म्हणजे माझा पाय घसरला नाही, गालिच्याने दगा दिला. थेट वाफ्यात आदळलो. वाफा फरशीसारखा कडक. कंबर धरली.

गालिचा गुंडाळून आत टाकला. चिखलाने भरलाय. तो साफ कसा करायचा हे उद्यानंतर बघू. उद्याचं काय होईल ते होवो.

५ नोव्हेंबर, रविवार
आली. काठी टेकत. साडू आणि धाकटी मागे. बॅग गाडीतच ठेवली होती, ते मी आधी बघितलं.

परसाच्या दारात थांबली. तिन्ही वाटांवर वीतभर गवत. चारही वाफे सपाट, टणक, कोरडे, वर नावाला रोप नाही आणि तणाची काडीही नाही. मी कंबर धरून उभा.

ही पुढे झाली, काठीने वाफा ठोकून बघितला आणि वाफ्यावरूनच चालत शेवटपर्यंत गेली. वळली. परत आली. एकदाही पाय घसरला नाही. साडू तोंडावर रुमाल धरून खोकत होता. खोकला नव्हता.

मग म्हणाली, वाटा मस्त झाल्यात हो. वाफ्यांत मात्र तण फार माजलंय.

पुढे विचारलं, पाय नव्हता ना टाकलात? मी मान खाली घातली. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच.

साडू उद्या सकाळी येणार. येताना पुठ्ठे आणि ढलप्या आणणार. मी त्याच्या हाताखाली. पाण्याचा पाइप धरायचा, पण नळ साडू सांगेल तेव्हाच सोडायचा, असं ठरलं. माझ्यादेखत ठरलं.

गाडीतून बॅग मी आत नेली. कंबर दुखत होती, तरी साडूला हात लावू दिला नाही. बॅग जड होती. सगळे कपडे परत आणलेत.