आधी डावा कान

४ मार्च
मोठ्या डॉक्टरांनी शिवणकामवाल्या बाईंची तारीख ठरवली — आठ. उजव्या कानात इंजेक्शन. एकदा दिलं की त्या कानाची तोल सांभाळायची ताकद कायमची मारली जाते. वाईट कान गप्प झाला की चक्कर थांबते. पण चुकून चांगल्याच कानात दिलं तर? बाई जन्मभर भिंत धरून चालतील!

आणि वाईट कान कुठला, ते फक्त माझ्या तपासणीवरून ठरलंय. ऐकू त्यांना दोन्हीकडून सारखंच कमी येतं.

तपासणी फेब्रुवारीच्या बावीस तारखेला केली होती. कानात कोमट पाणी सोडायचं, गरगरायला लागलं की डोळे किती थरथरतात ते मशीन मोजतं. कमी थरथरले तो कान वाईट. मी नेहमी उजव्यापासून सुरू करते, मशीनही तेच धरून चालतं. बाई म्हणाल्या, "आधी डावा कर गं, उजवा दुखतोय." केला. पण मशीनमध्ये क्रम बदलला का? आठवतच नाही! नसेल बदलला तर डाव्याचे आकडे उजव्याच्या नावावर गेले. मी पडद्यावर डोळे बघते, वरची अक्षरं कोण वाचतं?

५ मार्च
डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा गेले. "काय गं?" — "काही नाही." परत.

बाईंना फोन केला, कुठल्या कानाला जास्त गरगरलं? "अगं, मी पलंग घट्ट धरून पडले होते, कान कसले मोजतेस!"

शिट्टीवाल्या काकांना आज इंजेक्शन दिलं, डाव्या कानात. रिटायर रेफरी, गळ्यात अजून शिट्टी. "आता चक्कर आली की तिलाच मैदानाबाहेर काढतो!" त्यांची तपासणी बाईंच्या पाठोपाठच झाली होती. पण नेहमीसारखी, उजव्यापासून. निदान त्यांची तरी काळजी नाही.

६ मार्च
डबा तसाच परत आणला. नवरा म्हणाला, "बाईंसाठी घाबरतेस की नोकरीसाठी?" दोन्ही. खरं म्हणजे आधी नोकरी. लिहितानाही लाज वाटते.

७ मार्च
सांगितलं! डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "उद्या सकाळी परत करा. माझ्यासमोर."

८ मार्च
उजवाच! रिपोर्ट बरोबर होता!! आज एकेक अक्षर वाचून केलं. पडद्यावर 'आधी डावा' होतं, ते बदलून उजवा घेतला, मगच पाणी सोडलं. म्हणजे त्या दिवशी मी क्रम बदलला होता. रडूच फुटलं. बाईंनीच पाठ थोपटली — "वेडी आहेस गं." दुपारी त्यांना इंजेक्शन दिलं. घरी येऊन पोटभर जेवले.

९ मार्च
काल पडद्यावर 'आधी डावा' का होतं?

बाईंसाठी मीच केलेलं. परत उजवा कोणी केला? कोणीच नाही. बावीस तारखेपासून चौदा जणांचे रिपोर्ट उलटे. त्यातला पहिला काकांचा.

मघाशी त्यांचा फोन आला होता. "पोरी, भिंत धरून चालतोय. चार दिवस असंच होणार ना?"

मी हो म्हणाले.